बाबांचं दुसरं डोकं

८ ऑक्टोबर

ताई,

तुझं हेल्मेट मी कापलं. ते निळं, कॉलेजला घालून जायचीस ते. माळ्यावर पडलं होतं, आत तुझी एक केसांची पिनसुद्धा होती. आधी हनुवटीकडून करवत चालवली, मग कानांजवळून. आता ते परत हेल्मेट होणं शक्य नाही, तेव्हा ओरडून उपयोग नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मला ब्लॉक केलंस. त्या एका फोनसाठी! मी तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना वीज कंपनीतून बोलतोय म्हणालो, तुमच्या मीटरमध्ये हवा भरलीय, सगळे पंखे लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. त्यांनी ठेवल्या, यात माझा काय दोष? तुला राग आला. बरोबर आहे. पण माणूस इतके दिवस राग धरतो का?

म्हणून हे पत्र, तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. पाकिटावर 'आयकर' लिहिलंय, म्हणजे उघडशीलच.

तर हेल्मेट. बाबांसाठी डोकं करतोय.

आई म्हणते, तिला सांगायचं नाही. बाबा म्हणतात, तिला तर अजिबातच सांगायचं नाही. म्हणून सांगतो. बाबांचं सीट कव्हरचं दुकान बंद झालं. तुझं लग्न ठरायच्या आधीच. आता गाड्या येतात त्याच कव्हर घालून येतात, शिवून घेतंय कोण? मोठी मशीन विकली, छोटी घरी आणली. तू फोनवर विचारतेस, 'बाबा, दुकान काय म्हणतंय?' आणि ते म्हणतात, 'चाललंय बघ, हाताला उसंत नाही.' ते खरंच आहे. हात सारखे हलवावे लागतात. मोठ्या रस्त्यावर ते फ्रिज-टीव्हीचं तीन मजली दुकान आहे ना, पाटीवर हरीण असलेलं? त्याच्या दारात बाबा हरीण होऊन उभे असतात.

हसू नकोस. मी हसलो होतो, पहिल्या दिवशी. नंतर जमलं नाही.

नियम असे आहेत. बोलायचं नाही. गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, फोटो काढतानासुद्धा नाही. आणि गिऱ्हाइकासमोर डोकं काढायचं नाही, मेलं तरी. 'मेलं तरी' हे शब्द मॅनेजरचे. त्याला मी टाय म्हणतो, कारण तो टायला लटकलेला असतो, टाय त्याला नाही.

आता झालंय असं, दुकानाने दिलेलं डोकं कुबट, केस झडलेलं, एक शिंग मोडलेलं. लहान मुलं त्याला गाढव म्हणतात. आणि समोरच्या दुकानाने हवेचा बाहुला आणलाय, तो उंच, पंख्यावर नाचतो तो. त्याला पगार नको, पाणी नको, बाथरूमला जायला नको. टाय परवा बाबांना म्हणाला, 'काका, लोक तिकडे बघतात हो. आम्ही पण तसलाच मागवतोय. वाईट वाटून घेऊ नका.'

बाबा घरी आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, 'तुझ्या त्या दिव्यांच्या पाट्या पेटतात, तसं डोकं पेटेल का रे?'

ताई, बाबांनी मला आजवर गप्प बस सोडून काही मागितलेलं नाही. म्हणून हेल्मेट कापलं. तू असतीस तर तूच कापून दिलं असतंस. निदान आधीची तू.

तुला कळलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस.

तुझा,
उचापत्या

२९ ऑक्टोबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, आयकरवाल्यांना कोण उत्तर देतं.

डोकं झालं. ऐकायची इच्छा नसेल तरी ऐक, कारण कापलेला माल तुझा आहे.

तुझ्या हेल्मेटची टोपी तेवढी ठेवली, म्हणजे वजन डोक्यावर नीट बसतं आणि मान अवघडत नाही. त्यावर चपलांचा फोम. मी आपला अंदाजाने कापत होतो, हरणाचं डुक्कर झालं. बाबांनी बघितलं, कात्री काढून घेतली, म्हणाले, 'सरक.' आणि त्यांनी नाक असं बेतलं ताई, जसं गाडीच्या मागच्या सीटचा कोपरा बेततात, एक सुरकुती नाही. वरून सीट कव्हरचं उरलेलं तपकिरी कापड. गावातल्या अर्ध्या टॅक्सी आणि हे हरीण आता एकाच कापडाचे आहेत. मानेला मागे चेन लावलीय, कारण बाबांना चेन लावल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटत नाही.

शिंगं माझी. नळाचा पाइप गॅसवर गरम करून वाकवला. आई स्वयंपाकाला आली तर शेगडीवर शिंगं. 'या घरात आता एवढंच राहिलं होतं,' म्हणाली, आणि धरायला फडका आणून दिला. पाइपवर दिव्यांची पट्टी गुंडाळली, त्यावर तेलाच्या पांढऱ्या कॅनचं प्लास्टिक. त्याने दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत, सगळं शिंग आतून उजळतं. हे मी पाट्यांच्या दुकानात शिकलो. तू मला सगळ्यांसमोर 'बल्ब लावणारा' म्हणतेस तिथे.

बाबांना दिसतं हरणाच्या तोंडातून. तिथे आईच्या दोन चहाच्या गाळण्यांची जाळी बसवलीय. नवी गाळणी येईपर्यंत आम्ही चहा चावून प्यायलो. तोंडाच्या आत कडेने पट्टी फिरवलीय, नाक चमकावं म्हणून. मानेमागे कप्पा, कप्प्यात जुन्या इमर्जन्सी दिव्याची बॅटरी. आणि रंग बदलायला रिमोट, रस्त्याच्या पलीकडून चालणारा. रिमोट माझ्या खिशात. तुला माहितेय मी काय करणार ते.

घरी तपासताना पाट्यांच्या दुकानातला अडॅप्टर भिंतीत खुपसायचो, पाटीला खुपसतो तसा. लाल, निळा, हिरवा, झकास. मग पांढरं बटण दाबलं, भसकन तिन्ही रंग एकदम पेटले आणि आई ओरडली, 'अगबाई, हे दिसतायत की!' बघतो तर गाळणीमागे बाबा, चष्म्यासकट. पिंजऱ्यातल्यासारखे.

बाबांनी डोकं लगेच उतरवलं. 'हा रंग नको. आतला माणूस दिसता कामा नये.'

'ते बटण उपटून टाकतो,' मी म्हणालो.

पहिल्या दिवशी मी समोरच्या टपरीवर बसलो होतो. संध्याकाळ झाली, शिंगं पेटली, आणि समोरचा हवेचा बाहुला एकटाच नाचत बसला. लोक थांबले. पोरं गाडीवरून माना वळवून बघत होती. टाय बाहेर आला, शिंगाला बोट लावून म्हणाला, 'काका, कुठून आणलंत?' बोलायचं नसतं, म्हणून हरणाने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. माझ्याकडे. शाळेत कोणी माझ्याकडे बोट दाखवलं की पुढे छडी असायची. मला कळेचना, पळायचं की थांबायचं.

बाहुला रद्द झाला. बाबा राहिले.

मी काय गुणाचा आहे हे तुला माहीत आहे. टाय शेजारी आला की शिंगं लाल करतो. एखादं जोडपं भांडत आलं की चमचम लावतो. बाबांनी पाय आपटला की समजायचं, घरी बघून घेतो. पण घरी आल्यावर आईला तेच सांगत बसतात, आज काय गंमत झाली, कोण काय म्हणालं. दुकान बंद झाल्यापासून ते इतकं बोलले नव्हते.

लग्न झालं की तुला सांगू म्हणतात. 'आत्ता तिच्या सासरी कशाला चर्चा? मुलीला खाली बघायला लागू नये.'

आता तू सासरी काय सांगितलंयस ते मला माहीत आहे. बाबांचं सीट कव्हरचं मोठं दुकान आहे. तेव्हा तुला तेच खरं वाटत होतं, मान्य. आता नाहीये. बघ, काय करतेस.

उचापत्या

२० नोव्हेंबर

ताई,

बाबांना भाजलं. मान, उजवा कान आणि दोन्ही तळहात. कान वाचला म्हणतात डॉक्टर. कुठलीतरी वायर सैल झाली असावी. मी तेव्हा तिथे नव्हतो, कामावर होतो.

दुकानाने पगार देऊन मोकळं केलं. हवेचा बाहुला आलाय, निळा.

तुमचा फ्रिज कसा आहे? थंड करतो ना नीट?

२६ नोव्हेंबर

ताई,

तुझं पार्सल मिळालं. पाठवणाऱ्याच्या जागी 'आयकर' लिहिलंस. बाबा घाबरले, 'आपण काय केलंय रे?' मी म्हणालो, माझ्या पाट्यांच्या मालकाने गंमत केलीय, मलम आणि कापूस पाठवलाय. मालकाला ते इतके आशीर्वाद देत होते, ऐकवत नव्हतं.

आतली चिठ्ठी मी आधी काढून घेतली होती. 'रविवारी एकटी येते. बाबांचे पाय धरून माफी मागणार आहे. सगळं माहीत होतं, सांगून टाकणार.' शाईसुद्धा पसरलीय. मी आधी तुझ्या अक्षरावर हसलो. मग संडासात जाऊन बसलो बराच वेळ.

म्हणून आता नीट सांगतो. मागच्या पत्रात खोटं होतं.

मी तिथेच होतो. टपरीवर. आणि तुला तिथे मीच आणलं होतं.

तू आईला फोन करून विचारलंस, 'बाबांचं दुकान कोणत्या दिवशी बंद असतं गं?' आईला वाटलं, सीट कव्हरचं दुकान. बिचारीची गाळण उडाली, कोणत्या दिवशी बंद सांगायचं तेच तिचं ठरलेलं नव्हतं. फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र लगेच कळलं, तू काय विचारतेयस ते. म्हणजे पत्रं वाचली होतीस. उत्तर द्यायला वेळ नव्हता, पण तुझी माणसं फ्रिज घ्यायला त्याच दुकानात येणार, तर हरीण दारात नसेल असा दिवस बघायला वेळ होता.

बाबांची सुट्टी सोमवारी. मी म्हणालो, 'मंगळवार सांग.'

मला तुला फक्त बघायचं होतं. समोर आल्यावर तू काय करतेस ते. खरं सांगू? मला वाटलं होतं तू थांबशील. सगळं सोडून म्हणशील, हे माझे बाबा. मी टपरीवर दुसरा चहा घेतला, थिएटरात बसल्यासारखा.

तू आलीस. होणारा नवरा, त्याची आई, तो लहान मुलगा, नणंदेचा असेल. हरीण बघून तुझा पाय अडला, ते मी बघितलं. मागे वळली असतीस, पण पोरगं सुटलं आणि त्याने हरणाचा हात धरला. रस्ता नावालाच मोठा आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि तो तर ओरडूनच बोलत होता. 'मामी, आत कोण आहे?'

आणि तू म्हणालीस, 'कोणी नाही रे. मशीन आहे.'

त्याच्या आजीने मोबाइल काढला. 'उभी राहा गं दोघांच्या मध्ये, छान दिसतंय.' तू उभी राहिलीस. बाबांनी हात उचलला आणि तुझ्या खांद्याच्या वर हवेत धरला. टेकवला नाही. गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही ना.

तेव्हा माझं डोकं फिरलं. खिशात हात घातला आणि पांढरं बटण दाबलं. ते मी उपटलं नव्हतं. मला वाटलं, दिसू दे. सगळ्यांना दिसू दे मशीन कसं आहे ते. चष्म्यासकट.

बाबांनी दोन्ही हात झटकन हरणाच्या तोंडावर धरले. खाली वाकले. तू बघत होतीस. तुझी सासू हसली, 'अय्या, लाजलं बघा!' पोरगं टाळ्या वाजवायला लागलं. मी बटण दाबूनच ठेवलं होतं.

आता माझ्या हुशारीचं ऐक. पाट्यांच्या कामात आम्ही फ्यूज लावत नाही. भार जास्त झाला की अडॅप्टर आपला आपण बंद पडतो. मी वर्षानुवर्षं पाट्या केल्या, फ्यूजचा विचार कधी डोक्यात आलाच नाही. पण त्या डोक्याला अडॅप्टर नव्हता, बॅटरी होती, आणि बॅटरी काही बंद पडत नाही, मागाल तेवढं देत राहते. पांढरा म्हणजे तिन्ही रंग एकदम. बॅटरीवर तो मी एकदाही लावून बघितला नव्हता. मानेतली बारीक वायर तापली, तिचं वरचं प्लास्टिक वितळलं, खाली फोम. चपलांचा फोम कसा जळतो माहितेय? ज्योत नाही. चिकटतो.

मला मानेतून धूर दिसला तेव्हा मी बटण सोडलं. लाल दाबलं, बंदचं दाबलं, काही होईना. आतलं सगळं एक झालं होतं. मी रस्ता ओलांडायला धावलो.

बाबांनी मला येताना बघितलं आणि एक हात वर केला. थांब म्हणून. दुसरा तोंडावर तसाच. तू तेव्हा पायऱ्या चढत होतीस, सासू मागे वळून वळून हरणाला टाटा करत होती, आणि बाबांनी तो वर केलेला हात हलवला. तिला टाटा केला, ताई. मानेमागे जळत असताना. तुम्ही आत जाऊन काचेचं दार लागलं, तेव्हा त्यांनी चेन ओढली. चेन तापलेली होती, तळहात त्यानेच भाजले.

दवाखान्यात टाय आला होता. सगळ्यांना सांगत होता, 'याला म्हणतात शिस्त. गिऱ्हाइकासमोर डोकं काढलं नाही.' मग पगार मिळाल्याची माझी सही रजिस्टरवर घेऊन गेला.

बाबांना विचारलं, का नाही काढलंत? डोळ्यांनी इकडे ये म्हणाले. आई औषधं आणायला गेली होती. कानात हळूच म्हणाले, 'अरे, ती माणसं मला ओळखतात ना. डोकं काढलं असतं तर तिचं काय झालं असतं?'

मी म्हणालो, 'पण ती तर...' पुढे काय बोलणार होतो देव जाणे.

तर ते हसले. कातडी ओढली गेली, तरी हसले. 'तिला कळलंच नाही रे. अजिबात नाही. मशीन आहे म्हणाली. माझी पोरगी शेजारी उभी राहिली आणि तिला मशीन वाटलं! असलं भारी डोकं केलंयस तू.'

ताई, मला आयुष्यात एवढी मोठी शाबासकी कोणी दिलेली नाही.

तेव्हापासून रोज तेच. आईला सांगतात, 'ती निळ्या ड्रेसमध्ये होती. तब्येत सुधारलीय. सासू मोकळी आहे गं, हसरी आहे, पोरगी सुखात राहील.' त्यांना वाटतं, वायर जळताना पांढरा आपोआप लागला. मी म्हणालो, हो, लागतो तसा. आई भांडी घासताना ऐकते आणि विचारते, 'मग तिने ओळखलं नाही?' आणि बाबा म्हणतात, 'कसं ओळखणार?' एकदम ताठ होऊन म्हणतात. काम गेलं, कान चुरगळला, पण हे एक त्यांच्याकडे उरलंय. ते त्यावर जगतायत सध्या.

आणि तू रविवारी येऊन तेच घेणार. पाय धरणार, रडणार, 'बाबा, मला माहीत होतं.' तुझं मन हलकं होईल, यात शंका नाही. त्यांचं काय होईल? आत कोण आहे हे माहीत असून त्यांची मुलगी 'कोणी नाही' म्हणाली, एवढंच उरेल ना?

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. मला तू अजून पायऱ्या चढतानाच दिसतेस. तुलाही मी माफ करण्यासारखा वाटणार नाही, बटण माझ्या हातात होतं. आपण दोघं नंतर एकमेकांना काय हवं ते बोलू. ब्लॉक काढ, मग शिव्या घाल.

पण रविवारी नको. रविवारी ये, दारातच विचार, 'अय्या, हे मानेला काय झालं?' ते म्हणतील, दुकानात इस्त्री पडली. आमचं तसं ठरलंय. तू म्हण, 'बाबा, जरा जपून काम करत जा ना.' रडू आलं तर रड, इस्त्रीवर रड. मग सांग त्यांना, फ्रिज घ्यायला गेलो होतो, तिथे एक यांत्रिक हरीण होतं, कसलं चमकत होतं! बघ त्यांचा चेहरा.

आणि तो फोटो मला गुपचूप दे. परवा ते भिंतीकडे बघत म्हणाले, 'तिच्या सासूने काढलेला तो फोटो मिळाला असता तर. पण मागायचा कसा?' मी सांगेन दुकानाच्या कॅमेऱ्यातून काढून आणला. खोटं बोलायचं माझ्यावर सोड, मला सवय आहे.

मंगळवारचं, बटणाचं, तुला माहीत असल्याचं, हे आपल्या दोघांतच राहू दे. अर्धं मी माझ्यासाठी मागतोय, कळतंय मला. पण अर्धं नाही. आईला सांगू नकोस, ती दोन मिनिटं पोटात ठेवू शकत नाही. नवऱ्याला सांगू नकोस, कधी भांडणात तोंडातून जाईल. हे पत्र जाळ, आधीची पण जाळ. लग्नानंतर नाही, म्हातारपणी नाही, बाबा गेल्यावरसुद्धा नाही. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हेल्मेटसुद्धा न विचारताच घेतलं. आता पाया पडतो, ताई. कोणाला सांगू नकोस गं. कोणालाच.